कार्ड गावाला, पोट इथं: एका घराचं अडकलेलं रेशन सुरू करतानाची पूर्ण केस

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही वस्तीत धान्याचं किट वाटत होतो, त्या रांगेत एक ताई तीनदा पुढे आली आणि तीनदा मागे गेली. नंतर कळलं की कुणी मोबाईल वर धरला की ती मागे सरकायची. आधीच्या महिन्यात दुसऱ्या एका ग्रुपने किट देताना तिचा फोटो काढून स्टेटसला ठेवला होता आणि तो फिरत फिरत गावाकडे तिच्या जावेपर्यंत पोचला होता. जाऊ वाईट काही बोलली नाही, "एवढं झालंय तर सांगायचं ना" एवढंच म्हणाली, पण हिच्या मनाला ते लागलं. सगळे गेल्यावर तिने किट घेतलं आणि जाता जाता जे बोलली तिथून ही केस सुरू झाली. "रेशन कार्ड आहे हो मॅडम आमचं, पण ते गावाकडचं, इथं चालत नाही."

चालतं. आणि हे तिला सहा वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं, आम्हीपण नाही, आणि आम्ही तर त्या वस्तीत कोरोनापासून किट वाटतोय. म्हणून ही केस सविस्तर लिहितेय. नावं, गाव, ऑफिस मुद्दाम लिहीत नाही.

घर असं. मूळ मराठवाड्यातले, आधी ऊसतोडीला जायचे, मग कोयता सोडून पुण्याजवळच्या एमआयडीसी पट्ट्यात आले. नवरा कंपनीत कंत्राटावर, ताई दोन घरी भांडी-फरशी, सोबत सासू आणि तीन पोरं, मोठी मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६ चा, धाकटी १४ महिन्यांची. ऑक्टोबरमध्ये नवरा शिफ्टवरून येताना गाडीवरून पडला, पायाचं हाड मोडलं, प्लास्टर. कंत्राटदाराने चार दिवस फोन उचलला, नंतर नाही. म्हणजे सहा माणसं आणि कमाई दोन घरच्या भांड्यांची, त्यातून खोलीचं भाडं.

आमच्या किटमध्ये पाच किलो आटा, पाच किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, एक लिटर तेल, साखर-चहा, मीठ-मसाला असतं. हे सहा माणसांना किती दिवस पुरतं ते मी आधी कधी विचारलंच नव्हतं. तिने सांगितलं, बारा दिवस, तेही रात्री सासूबाई "मला भूक नाही" म्हणाल्या तर. आणि आम्ही किट देतो महिन्यातून एकदा! मग उरलेले अठरा दिवस काय? उसनं, दुकानाची उधारी, आणि मुलीच्या शाळेतली खिचडी. पण दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद तशी खिचडीही बंद, म्हणजे नेमकं ज्या महिन्यात बापाचा पगार थांबला त्याच महिन्यात पोरीचं दुपारचं जेवणही थांबलं. हे आपल्या लक्षातच येत नाही, सुट्टी म्हणजे आपल्याला फराळ आठवतो.

दुसऱ्या दिवशी ती कार्ड घेऊन आली. चार घड्या पडलेलं केशरी कार्ड, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. आत बॉलपेनने लिहिलेली नावं, सासऱ्यांच्या नावावर आडवी रेघ आणि शेजारी "मयत". त्याखाली सासू, थोरले दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं, मग हिचा नवरा, ही, आणि मोठी मुलगी. एकूण आठ माणसं. मुलगा आणि धाकटी कार्डावर नाहीतच, कारण त्यांचा जन्म इकडचा आणि नाव घालायला गावी जायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडते.

आता लोकांचा इथे घोळ होतो. कार्डाचा रंग बघून धान्य मिळतं की नाही ते ठरत नाही. महाराष्ट्रात पिवळं, केशरी, पांढरं ही पद्धत १९९९ पासूनची, पण २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आपल्याकडे फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला तेव्हापासून खरा प्रश्न हा असतो की तुम्ही अंत्योदयमध्ये (सगळ्यात गरीब घरं) आहात, प्राधान्य कुटुंबात (त्यानंतरची गरीब घरं) आहात की दोन्हीत नाही. अंत्योदयला कार्डामागे महिन्याला ३५ किलो, प्राधान्यला माणशी ५ किलो, आणि केशरी कार्ड आहे पण प्राधान्य यादीत नाव नाही अशी कितीतरी घरं आहेत ज्यांचं कार्ड फक्त पत्त्याचा पुरावा म्हणून उरलंय. धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे, त्याआधी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. आणि हे सगळं दिसतं ते ऑनलाईन, कार्डाच्या बारा अंकी नंबरवर. हा नंबर पुस्तिकेवर छापलेला असेलच असं नाही, कधी दुकानदाराने पेनाने लिहिलेला असतो, नसेल तर घरातल्या कुणाचाही आधार नंबर घालून दुकानातल्या मशीनवर किंवा मेरा राशन ॲपवर सापडतो.

आम्ही ॲपवर बघितलं. प्राधान्य कुटुंब, आठ माणसं, ४० किलो, आणि दर महिन्याला पूर्ण उचल झालेली, गावच्या दुकानात. ती स्क्रीनकडे बघत बसली. म्हणाली, "म्हणजे आमच्या नावाचं येतंय?" हो, चार जणांचं, २० किलो, दर महिना, सहा वर्षं.

इथे मला आधी दिराचा राग आला, तो चूक होता. फोन केला तेव्हा कळलं की पहिल्या वर्षी ते दिवाळीला गव्हाचं एक पोतं एसटीने पाठवायचे, मग हमाली परवडेना म्हणून बंद झालं, आणि दुकानात अंगठा दिला की मशीन आठ जणांचंच देतं, ते घरी येतं आणि खाल्लं जातं. त्यांचीही दोन एकर कोरडवाहू. त्यांनी एकच गोष्ट विचारली, "वहिनींनी तिकडं उचललं तर आमचं कार्ड बंद पडंल का?" ही भीती खरी आहे, गावात असं सांगणारे भरपूर असतात. बंद पडत नाही. वन नेशन वन रेशन कार्ड ही सोय ऑगस्ट २०१९ ला ज्या चार राज्यांत पहिल्यांदा सुरू झाली त्यात महाराष्ट्र होतं, २०२२ पर्यंत सगळ्या देशात लागू झाली, आणि तिच्यात हेच धरलेलं आहे की घरातली काही माणसं बाहेरगावी असतील तर त्यांनी तिथल्या कुठल्याही रेशन दुकानात आपल्या वाट्याचं घ्यावं आणि उरलेलं गावाकडच्यांनी त्याच कार्डावर घ्यावं. राज्याच्या आत तर ते आणखी सोपं. फक्त दोन्हीकडच्यांनी एकमेकांना फोन करायला पाहिजे, कारण आधी जाणाऱ्याने सगळं उचललं तर मागच्याला मशीन "या महिन्याचं झालं" असंच सांगणार. ठरलं असं की ही इथे महिन्याच्या सुरुवातीला २० किलो घेणार, मग दिराला फोन, मग ते तिकडे बाकीचं घेणार.

कागदावर झालं. दुकानात नाही.

पहिल्या दुकानात सांगितलं, बाहेरच्या कार्डाचं आम्ही करत नाही. दुसऱ्यात म्हणाले स्टॉक नाही, मापात येतो तेवढाच येतो, तुम्हाला दिला तर आमचे कार्डवाले राहतात. यात दुकानदार पूर्ण खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही, दुकानाला धान्य येतं ते त्याच्याकडच्या कार्डांच्या हिशोबाने आणि बाहेरून किती येतील त्याचा अंदाज त्याने पुरवठा खात्याला वेळेत कळवायला लागतो, तो कुणी फारसा कळवत नाही. पण म्हणून नाही म्हणायचा हक्क त्याला नाही. मी १९६७ या रेशनच्या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, राज्याबाहेरून आलेल्यांसाठी पोर्टेबिलिटीचा (म्हणजे कार्ड एकीकडचं, धान्य दुसरीकडे, या सोयीचा) १४४४५ हा वेगळा नंबरपण आहे, तक्रार नंबर वहीत लिहून घेतला आणि तिसऱ्या दुकानात गेलो. ते महिला बचत गटाचं दुकान आहे. तिथल्या काकूंनी कार्ड घेतलं, नंबर टाकला, ताईला अंगठा ठेवायला सांगितला, मशीनने घेतला, आणि मग काकू म्हणाल्या, "अगं पण तुझ्या सासूचं आणि पोरीचं केवायसीच झालेलं नाही, आत्ता देते मी, पण पुढं ही दोन नावं उडतील बघ." केवायसी म्हणजे कार्डावरचा माणूस आधारशी जुळवून घेणं. त्या महिन्यात त्यांनी २० किलो दिलं. पावती मशीनमधून येते ती मागून घ्यायची, तीवर किलो लिहिलेले असतात, काकूंनी स्वतःहून दिली, सगळे देत नाहीत.

आणि याच काकूंनी आम्हाला एका मोठ्या चुकीतून वाचवलं.

आमच्या ग्रुपमधल्या एकाचा सरळ हिशोब होता की हे दोन घरांचं एकत्र कार्ड म्हणजे कायमची कटकट, गावाकडून नाव कमी केल्याचा दाखला आणू आणि इथल्या पत्त्यावर नवीन कार्ड काढू. ऐकायला बरोबर वाटतं, मलाही वाटलं, भाडेकराराची एक कॉपी घरमालकाकडून कशी मिळवायची इथपर्यंत आम्ही पोचलो होतो. काकू म्हणाल्या, "नाव कमी करू नका, आधी इष्टांक विचारा."

इष्टांक म्हणजे त्या जिल्ह्यात किती माणसांना प्राधान्यचं धान्य द्यायचं त्याची ठरलेली संख्या. केंद्राने ती २०११ च्या जनगणनेवर ठरवली, महाराष्ट्रासाठी ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के, एकूण साधारण ७ कोटी माणसं, आणि ती तिथेच थांबलीय. २०११ नंतर पोटासाठी शहरात किती माणसं आली याचा त्यात हिशोब नाही. म्हणून शहरात नवीन कार्ड निघतं, पण इष्टांक भरलेला असला की त्यावर धान्य चालू होत नाही, वाट बघा म्हणतात. त्यात उत्पन्नाची अट शहरात वर्षाला ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,०००. ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही, तेवढ्यात या पट्ट्यात खोलीचं भाडं आणि लाईट बिल भरून काय उरतं ते भरणाऱ्यालाच माहीत. नवरा कामावर असताना याच घराचं उत्पन्न त्या आकड्याच्या वर जात होतं आणि तरी ते घर महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर उधारीवरच चालायचं. मला हा आकडा अन्यायाचा वाटतो.

म्हणजे आम्ही नाव कमी करून आणलं असतं तर ताईच्या हातात इथल्या पत्त्याचं कोरं करकरीत कार्ड आलं असतं आणि गावाकडचे हक्काचे २० किलो गेले असते. आमच्याच हाताने. कार्ड विभक्त करायचंच असेल तर ते गावच्या तहसीललाच मागायचं, म्हणजे प्राधान्यचा लाभ तिथल्या तिथे दुसऱ्या कार्डावर जावा म्हणून अर्ज करता येतो, आणि धान्य मात्र पोर्टेबिलिटीने इथे घ्यायचं. शहरातल्या पत्त्याचा पुरावा लागतच नाही, घरमालकाच्या पाया पडायची गरज नाही. अर्जावर पोच घ्या, तोंडी "होईल" वर घरी येऊ नका. आणि नवीन कार्ड झालं तर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या थोरल्या बाईचं नाव लागतं, कायद्यातच आहे तसं, म्हणजे इथे सासूबाईंचं.

सासूबाईंचा अंगठा हा वेगळाच प्रश्न निघाला. तीस वर्षं कोयता धरलेला हात, बोटांच्या रेषा राहिल्याच नाहीत. दुकानात आठ वेळा ठेवला, ओला करून, पदराला पुसून, डावा, उजवा, मशीन लाल. मागे रांग. आज्जी प्रत्येक वेळी मशीनकडे न बघता आमच्याकडे बघत होत्या, जसं काही त्यांचीच चूक आहे. खरं तर आधार जुळत नाही म्हणून कुणाचं धान्य अडवायचं नाही असं केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना लेखी कळवलेलं आहे, पण दुकानाच्या काउंटरवर ते पत्र कोण काढून दाखवणार. आम्ही घरी आलो आणि मेरा ई-केवायसी ॲपवर चेहऱ्याने करून बघितलं. आज्जींच्या आधारला ताईच्या नवऱ्याचा मोबाईल जोडलेला होता त्यामुळे ओटीपी लगेच आला (तो जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्र गाठावं लागतं, त्यात एक आठवडा धरा). खोलीत उजेड नव्हता म्हणून आज्जींना दारात उंबऱ्यावर बसवलं. नातीने फोन धरला. ॲप म्हणतं डोळे मिचकवा, आज्जींनी दोन्ही डोळे घट्ट मिटले ते उघडेचनात, नात ओरडतेय "आज्जे, नुसतं लवव पापणी", तिसऱ्या वेळेला हिरवं टिक आलं. आज्जींनी विचारलं, "घेतलं का मला?"

त्याच दिवशी चहा पिताना त्या बहात्तरच्या दुष्काळाचं बोलल्या. तेव्हा त्या दहा वर्षांच्या असतील, आईबाप रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला, पोरांना सुकडी मिळायची, घरी लाल मिलोची (तेव्हा परदेशातून आलेली ज्वारी) भाकरी, ती घशाखाली उतरायची नाही. म्हणाल्या, "पण तवा समदा गावच रांगंत हुता, कुणाला कुणाची लाज नव्हती. आता एकट्यानं उभं ऱ्हावं लागतं." मला तेव्हा रांगेतून तीनदा मागे गेलेली त्यांची सून आठवली.

मुलीचं केवायसी अडलं ते वेगळ्या कारणाने. तिचं आधार लहानपणी काढलेलं, पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे अपडेट करायचे असतात ते केलेच नव्हते, त्यामुळे मशीनकडे जुळवायला काहीच नव्हतं. आधी आधार अपडेट, मग केवायसी. हे उलट क्रमाने करायला गेलात तर दोन चकरा फुकट. मुलाचंही तसंच निघालं, त्याचं एकाच दिवशी उरकलं, आणि त्याचं नाव कार्डात घालायचा अर्ज दिराने तहसीलला दिला, जन्मदाखला आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवला आणि मूळ प्रत एसटीतल्या ओळखीच्या माणसाबरोबर. तिथल्या पुरवठा शाखेत दोनदा सांगितलं साईट बंद आहे. तिसऱ्यांदा दीर सकाळी साडेदहाला जाऊन बसले आणि अर्ज आत गेल्यावरच उठले. ज्या माणसावर मी चिडले होते त्याने पुतण्यासाठी तीन दिवसांची मजुरी घालवली.

धाकटीचं मात्र रेशनच्या आधी दुसरीकडून सुरू झालं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, टीएचआर म्हणतात, गरोदर आणि स्तनदा बाईलाही मिळतो. त्याला रेशन कार्ड लागत नाही, ताईला वाटत होतं लागतं. खोलीपासून तीन गल्ल्यांवर अंगणवाडी होती. सेविकाताईंनी वजन-उंची घेतली, वजन कमी भरलं, नाव घातलं, आणि उलट आम्हालाच विचारलं की इतके दिवस तुम्ही या गल्लीत येता तर लहान लेकरं असलेली घरं आम्हाला का सांगत नाही. उत्तर नव्हतं माझ्याकडे. नवऱ्याला दवाखान्यात दाखवायच्या दिवशी जवळच्या शिवभोजन केंद्रावर १० रुपयात जेवण व्हायचं, दोन चपात्या, भाजी, वरण, भात, तेवढाच एक माणूस कमी घरच्या ताटातून. ही केंद्रं दुपारचीच असतात आणि आपल्या भागातलं चालू आहे का ते आधी बघून मग माणूस पाठवा.

या सगळ्यात आमच्या किटचं काय झालं ते सांगते, कारण मदत करणाऱ्यांनी हे वाचावं असं मला फार वाटतं. रेशनमध्ये येतो तो तांदूळ आणि गहू, कधी ज्वारी. डाळ नाही, तेल नाही, हळद-तिखट नाही. २० किलो धान्य सुरू झाल्यावर आम्ही त्या घराला आटा-तांदूळ द्यायचं बंद केलं आणि त्याच पैशात चार किलो डाळ, दोन लिटर तेल, शेंगदाणे, गूळ आणि गिरणीच्या दळणाचे सुट्टे पैसे द्यायला लागलो, कारण गहू आला तरी दळायला पैसे लागतात आणि ती दोन दिवस गहू घरात ठेवून बसली होती, मागायला लाजली. आमचा खर्च तेवढाच राहिला, साधारण ९५० रुपये, पण आता घर महिनाभर ओढतंय. किती महिने द्यायचं तेही आधीच ठरवलं, प्लास्टर निघून कामावर जाईपर्यंत, आणि ते तिला स्पष्ट सांगितलं. पुढच्या महिन्यात मिळेल की नाही या टांगणीमुळे माणूस चार ठिकाणी हात पसरतो, आणि मग आपणच म्हणतो की हे लोक सगळीकडून घेतात.

आणि किट देताना आता प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, रेशन मिळतं का, नसेल तर कार्डाचा नंबर सांगा. फोटो बंद. देणगीदाराला पुरावा पाहिजे तर सामानाचं बिल पाठवतो. एक देणगीदार यावरून नाराज होऊन गेले, जाऊ देत. पहिल्या महिन्यात त्या एका गल्लीतच गावाकडे कार्ड असलेली बरीच घरं निघाली, काहींची दुसरंच कुणी उचलत होतं, काहींची केवायसीवर अडली होती, एका आजोबांचं अंत्योदय कार्ड होतं आणि त्यांना वाटत होतं ते गाव सोडल्यावर रद्द झालं.

जानेवारीत मुलाचं नाव ऑनलाईन दिसलं. ताईने बचत गटाच्या दुकानातून २५ किलो उचललं, मला पावतीचा फोटो पाठवला, दिराला फोन तिनेच केला. विभक्त कार्डाचा अर्ज तहसीलला अजून पडून आहे, पोच आमच्याकडे आहे. धाकटीचं बाल आधार निघालंय, नाव घालायचं बाकी. नवरा काठी घेऊन चालतो, बसून करायचं पॅकिंगचं काम मिळतंय का बघतोय. काल रात्री ताईचा मेसेज आला, शेजारणीच्या कार्डाचा फोटो, अर्धा अंधारात, आणि खाली "ताई हिचा पण नंबर बघा, दोन आकडे दिसत न्हाईत, सकाळी उजेडात परत काढून पाठवते".